पुरावा कुणी द्यायचा?

२०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात एका पेयाचा खटला ज्यूरीपुढे चालला. पेयाचे नाव 'जॉइंट ज्यूस'. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन ही दोन द्रव्ये त्यात होती, आणि ते रोज प्यायल्याने सांधे निरोगी व लवचिक राहतात असा त्याच्या जाहिरातीचा आणि वेष्टनाचा सूर होता. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्राहकांच्या वतीने हा सामूहिक दावा लढवला जात होता. या पेयाने सांध्यांना कसलाही फायदा होत नाही, तेव्हा त्यासाठी मोजलेले सगळे पैसे परत मिळावेत, अशी मागणी होती. ज्यूरीने ती मान्य केली. न्यूयॉर्कमध्ये विकल्या गेलेल्या १,६६,२४९ नगांचा हिशेब झाला आणि ग्राहकांचे प्रत्यक्ष नुकसान सुमारे १४ लाख ९० हजार डॉलर ठरले. त्या राज्याच्या कायद्यात प्रत्येक फसव्या विक्रीमागे ठरावीक भरपाईची तरतूद आहे. वादींच्या वकिलांनी नगामागे ५५० डॉलर मागितले होते, न्यायाधीशांनी ५० डॉलर धरून ८३,१२,४५० डॉलर मंजूर केले. पुढे २०२४ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीवरचा ठपका कायम ठेवला आणि रकमेचा फेरविचार करायला प्रकरण खाली पाठवले.

या निकालात सगळ्यात खटकते ती वेळ. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची मोठी सरकारी चाचणी अमेरिकेत २००६ सालीच प्रसिद्ध झाली होती. गुडघ्याच्या संधिवाताचे १,५८३ रुग्ण, २४ आठवडे, काहींना ही द्रव्ये वेगवेगळी, काहींना एकत्र, काहींना वेदनाशामक औषध आणि काहींना औषध नसलेली नुसती गोळी, अशी तिची रचना होती. सगळ्या रुग्णांचा मिळून विचार केला तर या द्रव्यांचा परिणाम नुसत्या गोळीपेक्षा खात्रीने वरचढ ठरला नाही. 'जॉइंट ज्यूस'विरुद्धचा मूळ दावा २०१३ मध्ये दाखल झाला तेव्हा हा निष्कर्ष सात वर्षांचा होता, ज्यूरीने निकाल दिला तेव्हा सोळा वर्षांचा. या दिरंगाईचा दोष न्यायालयांच्या संथपणावर ढकलता येईल, पण ते कारण वरवरचे आहे. माझ्या मते दोष आहे तो पुराव्याचा भार कायद्याने कुणाच्या खांद्यावर ठेवला यात. विकणाऱ्याने विक्रीच्या आधी जो पुरावा दाखवायला हवा, तो विकत घेणाऱ्याने विक्रीनंतर गोळा करावा, आणि तोही 'गुण येतो' याचा नव्हे तर 'गुण येत नाही' याचा, अशी ही व्यवस्था आहे. आहारपूरकांच्या जाहिरातींवरचे बहुतेक ग्राहक-खटले या एका गाठीपाशी येऊन अडतात.

ही गाठ १९९४ साली बसली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, जीवनसत्त्वे आणि वनौषधींच्या दाव्यांवर कडक नियम आणू पाहत होते. उत्पादकांनी त्याविरुद्ध देशभर मोहीम उघडली. सरकारी पथक घरात घुसून जीवनसत्त्वाच्या गोळ्या जप्त करते आहे, असे दृश्य असलेली दूरचित्रवाणीवरची जाहिरात त्याच काळातली; तिच्यात अभिनेता मेल गिब्सन होता. लोकांची पत्रे संसदेत येऊन पडली आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने आहारपूरकांना औषधांऐवजी खाद्यपदार्थांच्या बाजूला बसवले. गोळी बाजारात आणण्याआधी ती गुणकारी आहे हे कुणालाही दाखवावे लागत नाही. ती असुरक्षित असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. रोगाचे नाव घेऊन दावा करायला मनाई, पण शरीराची रचना वा कार्य यांना 'आधार देते', 'मदत करते' असे म्हणायला मोकळीक. अशा विधानाची सूचना विक्री सुरू झाल्यावर ३० दिवसांच्या आत एफडीएला दिली की पुरे. सोबत वेष्टनावर एक चौकट छापायची: या विधानाची एफडीएने तपासणी केलेली नाही, आणि हे उत्पादन कोणत्याही रोगाचे निदान, उपचार, निवारण वा प्रतिबंध करण्यासाठी नाही.

कायदा एवढ्यावर थांबत नाही, हे उत्पादकांच्या बाजूने सांगायला हवे. विधान खरे आहे आणि दिशाभूल करणारे नाही याला आधार देणारा पुरावा उत्पादकाजवळ असलाच पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पण हा पुरावा एफडीएकडे जमा करावा लागत नाही आणि लोकांना दाखवावाही लागत नाही. तो कंपनीच्या कपाटात असतो. ते कपाट उघडल्यावर काय सापडते याची एक झलक २०१२ साली मिळाली. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी वजन घटवण्याचे आणि प्रतिकारशक्ती वाढवण्याचे दावे करणारी १२७ उत्पादने निवडली आणि उत्पादकांकडून त्यांचे पुरावे मागवले. वीस टक्के वेष्टनांवर चक्क रोगाचा उल्लेख असलेले, म्हणजे कायद्याने निषिद्ध दावे होते. पुरावा म्हणून आलेल्या कागदांत महाविद्यालयातल्या कुणा विद्यार्थ्याने तीस वर्षांपूर्वी हाताने लिहिलेला एक निबंधही होता. ज्या व्यवस्थेत असा कागद वर्षानुवर्षे पुरावा म्हणून नांदू शकतो, तिथे 'पुरावा असलाच पाहिजे' या कलमाला फारसे वजन उरत नाही.

मग ग्राहकाने कोर्टात जाऊन 'तुमचा पुरावा दाखवा' असे म्हणावे, हा सरळ मार्ग वाटतो. तोच बंद आहे. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये होमिओपॅथिक उत्पादने विकणाऱ्या किंग बायो या कंपनीच्या खटल्यात ठरवले की, जाहिरातीचा आधार मागण्याचा अधिकार सरकारी अभियोक्त्यांचा आहे, खाजगी फिर्यादीचा नाही. खाजगी फिर्यादीने दावा खोटा असल्याचे स्वतः सिद्ध करायचे. या निकालाचा सूर पुढे आहारपूरकांच्या खटल्यांत पुन्हा पुन्हा घुमला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा: ज्या वनस्पतीवर कुणी संशोधनच केलेले नाही, तिच्याबद्दल हवे ते छापणारी कंपनी खाजगी दाव्यापासून सर्वात सुरक्षित, कारण तिला खोटे पाडणारी चाचणी अस्तित्वातच नसते. ज्या द्रव्यावर सरकारने कोट्यवधी खर्चून मोठी चाचणी केली, तिथेच ग्राहकाच्या हाती काही लागते. ग्लुकोसामाइनवर खटल्यांची रांग लागली यामागे हेच कारण आहे. स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या गिंकोचेही तसेच. ३,०६९ वृद्धांवर केलेली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी गिंको स्मृतिभ्रंश रोखत नाही असे सांगून गेली नसती, तर त्यावरच्या दाव्यांना उभे राहायला जमीन मिळाली नसती. अज्ञान जितके दाट तितका विक्रेता निर्धास्त, ही गोष्ट कोणत्याही न्यायव्यवस्थेला लाजवणारी आहे.

चाचणी हाती असली तरी दुसरा अडथळा येतोच. ई जीवनसत्त्वाच्या एका कॅप्सूलवर 'हृदयाच्या आरोग्याला आधार' अशा अर्थाचे शब्द होते. ई जीवनसत्त्वाने हृदयविकार टळत नाही असे दाखवणारे संशोधन घेऊन ग्राहक कोर्टात गेला. नवव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने २०१९ मध्ये त्याला सांगितले की, कंपनीने हृदयविकार टळतो असे कुठे म्हटले आहे? ती फक्त हृदयाच्या कार्याबद्दल बोलली, आणि तेवढे बोलायला संघीय कायद्याची परवानगी आहे. त्याहून जास्त पुरावा राज्याच्या कायद्याने मागता येणार नाही. कायद्याच्या चौकटीत हा तर्क बिनतोड असेल. पण दुकानात बाटली उचलणाऱ्या साठ वर्षांच्या माणसाच्या मनात 'हृदयाचे आरोग्य' म्हणजे हृदयविकाराची भीती कमी होणे, याखेरीज दुसरे काय असते? कंपनी रोगाच्या भीतीवर माल विकते आणि कोर्टात रोगाशी आपला संबंध नाही असे सांगते. सर्दी रोखणारी म्हणून गाजलेल्या 'एअरबोर्न' या गोळीची वाटचाल यासाठी पाहण्यासारखी आहे. तिच्या मागे असल्याचे सांगितलेली वैद्यकीय चाचणी ज्या संस्थेने केली, ती दोन माणसांची होती, तिथे डॉक्टर वा शास्त्रज्ञ नव्हते, हे २००६ साली एका वृत्तवाहिनीने उघड केले. कंपनीने सर्दीची भाषा सोडली आणि प्रतिकारशक्तीला आधार देण्याची भाषा धरली. गोळी तीच राहिली. २००८ मध्ये ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात २ कोटी ३३ लाख डॉलरची तडजोड झाली.

'जॉइंट ज्यूस'च्या खटल्यात या अडथळ्यातून वाट निघाली, कारण तिथे लोक हे पेय का घेत होते याचा पुरावा ज्यूरीपुढे आला. ते सांधेदुखीसाठी घेत होते, आणि विक्रेत्यालाही हे माहीत होते. जाहिरातीचा अर्थ शब्दकोशात न शोधता ग्राहकाच्या अपेक्षेत शोधणे, हे मला योग्य वाटते. जाहिरात ज्या समजुतीवर पैसे मिळवते, त्या समजुतीची जबाबदारी तिने घ्यायलाच हवी.

यावर उद्योगाचा सर्वात भक्कम आक्षेप विज्ञानाच्या अनिश्चिततेचा आहे. तज्ज्ञांतच मतभेद असताना बारा सामान्य नागरिकांनी किंवा एका न्यायाधीशाने निवाडा कसा करावा? चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाला हा आक्षेप इतका पटला की २०१५ मध्ये जीएनसी कंपनीच्या सांध्यांच्या गोळ्यांवरचा दावा फेटाळताना त्याने म्हटले, या क्षेत्रातले सगळे समंजस तज्ज्ञ दावा खोटा मानतात, असे फिर्यादीने मांडले पाहिजे. कंपनीने एक तज्ज्ञ पैसे देऊन उभा केला की अशा कसोटीवर कुठलाही दावा खोटा ठरणार नाही. नवव्या विभागाने २०१८ मध्ये गिंकोच्या खटल्यात वेगळी भूमिका घेतली: दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ भांडत असतील तर कुणाचे म्हणणे ग्राह्य, हे इतर खटल्यांप्रमाणे इथेही ज्यूरी ठरवील. मला हीच भूमिका बरोबर वाटते, आणि तिला एक जोड द्यावीशी वाटते. पुरावा खरोखर दोलायमान असेल, तर 'सिद्ध झालेले' असे छापणे हेच खोटे आहे. अनिश्चितता विक्रेत्याला ढाल म्हणून वापरायची असेल, तर तिने वेष्टनावरही दिसले पाहिजे.

'प्रेव्हाजेन'चे प्रकरण हे फार स्पष्टपणे दाखवते. समुद्रातल्या एका चकाकणाऱ्या जेलीफिशमध्ये प्रथम सापडलेले प्रथिन या गोळीत आहे आणि ती स्मरणशक्तीसाठी विकली जाते. २००७ ते २०१५ च्या मध्यापर्यंत तिची विक्री १६ कोटी ५० लाख डॉलरची झाल्याचे सरकारी तक्रारीत नोंदवले आहे. कंपनीने २१८ जणांवर केलेल्या चाचणीत गोळी घेणारे आणि नुसती गोळी घेणारे यांच्यात एकूण पाहता अर्थपूर्ण फरक निघाला नाही. मग सहभागी लोकांचे निरनिराळे गट पाडून तीसहून अधिक विश्लेषणे करण्यात आली, आणि त्यांतल्या मोजक्या अनुकूल आकड्यांवर जाहिरात उभी राहिली, असा संघीय व्यापार आयोग आणि न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांचा आरोप होता. वीसात एकदा योगायोगाने चुकेल अशी कसोटी तीस वेळा स्वतंत्रपणे लावली, तर काहीच परिणाम नसतानाही किमान एक 'यश' हाती लागण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाहून जास्त असते. हे गणित अवघड नाही, आणि त्यासाठी तज्ज्ञांचे एकमत लागत नाही. तरीही २०१७ मध्ये दाखल झालेली तक्रार आधी फेटाळली गेली, २०१९ मध्ये अपिलात परत उभी राहिली, २०२४ मध्ये ज्यूरीपुढे गेली आणि त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीला स्मरणशक्तीचे ते दावे थांबवण्याचा आदेश निघाला. सात वर्षे बाटली विकली जात राहिली.

'पण मला गुण आला' असे सांगणारा ग्राहकही असतो, आणि त्याला खोटे म्हणण्याचे कारण नाही. २००६ च्या त्याच चाचणीत औषध नसलेली गोळी घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांना ठरवलेल्या मापाइतका आराम वाटला होता. सांधेदुखी चढते-उतरते, माणूस ती चढलेली असताना गोळी सुरू करतो आणि उतरल्यावर श्रेय गोळीला देतो. या चाचणीत मध्यम ते तीव्र वेदनांच्या लहान गटात दोन्ही द्रव्ये एकत्र घेणाऱ्यांना जास्त आराम मिळाल्याचे दिसले होते, आणि उद्योग त्या आकड्याचा आधार घेतो. त्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण उपगटात दिसलेली अशी खूण पुढच्या चाचणीला विषय देते. तेवढ्यावर सगळ्या देशाला बाटली विकता येत नाही.

या खटल्यांवरचा दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: ग्राहकाच्या नावाने वकीलच श्रीमंत होतात. ग्लुकोसामाइनच्या एका तडजोडीत जवळपास ४७ लाख ग्राहकांना पोस्टकार्डे गेली. भरपाईचा अर्ज केला तो फक्त ३०,२४५ जणांनी, आणि त्यांच्या वाट्याला मिळून ८,६५,२८४ डॉलर आले. वकिलांना खालच्या न्यायालयाने १९ लाख ३० हजार डॉलर मंजूर केले होते. वेष्टनावरचे शब्द बदलण्याचे जे मान्य झाले, त्याची मुदतही ३० महिन्यांचीच. सातव्या विभागाचे न्यायाधीश रिचर्ड पोझनर यांनी २०१४ मध्ये ही तडजोड कडक शब्दांत रद्द केली, आणि ते योग्यच झाले. वीस-तीस डॉलरच्या बाटलीसाठी अर्ज भरायला बहुतेकांना सवड नसते, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांना ठाऊक असते आणि तडजोड त्या अंदाजावरच बेतली जाते. मात्र या दोषावरून सामूहिक दावाच नको असे ठरत नाही. एकट्याने वीस डॉलरसाठी संघीय न्यायालयात कुणी जाणार नाही. लाखो लोकांचे लहान नुकसान एकत्र मोजले नाही तर ते कधीच मोजले जाणार नाही. उपाय वकिलांची फी ग्राहकांना प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेशी बांधण्यात आहे, आणि पोझनर यांचा रोख तिकडेच होता.

हे काम सरकारवर सोडावे, असेही म्हटले जाते. सरकारी यंत्रणेजवळ पुरावा मागण्याचा अधिकार आहे, तज्ज्ञ आहेत, फीचा लोभ नाही. पण तिची धार बोथट झाली आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की व्यापार आयोगाने वर्षानुवर्षे ज्या कलमाखाली फसवलेल्या ग्राहकांना पैसे परत मिळवून दिले, ते कलम तसा अधिकार देतच नाही. सरकारी घाईतही चुका होतात. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी २०१५ मध्ये चार मोठ्या दुकानसाखळ्यांच्या वनौषधी गोळ्यांची डीएनए चाचणी करून घेतली आणि केवळ २१ टक्के निकालांत वेष्टनावरच्या वनस्पतीचे डीएनए सापडल्याचे जाहीर केले. खळबळ मोठी झाली. पण अर्क काढण्याच्या प्रक्रियेत डीएनए नष्ट होऊ शकते, तेव्हा डीएनए नाही म्हणजे वनस्पतीच नाही असे म्हणता येत नाही, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त होता. ग्राहकाच्या बाजूने लढणाऱ्यालाही पुराव्याची तीच शिस्त पाळावी लागते.

प्रौढ माणसाला आपल्या पैशाने हवी ती गोळी घेण्याचे स्वातंत्र्य आहे, हे १९९४ च्या मोहिमेचे मुख्य म्हणणे होते आणि मला ते मान्य आहे. खटले गोळी घेण्यावर नाहीत, गोळीबद्दल जे सांगितले गेले त्यावर आहेत. युरोपीय संघाने हा फरक ओळखून उलट क्रम लावला: आरोग्याचा दावा आधी तपासायचा, मग छापायचा. सुमारे ४४ हजार प्रस्ताव आले, ते एकत्र करून साडेचार हजारांच्या आसपास उरले, आणि २०१२ मध्ये २२२ दाव्यांची मान्य यादी निघाली. ग्लुकोसामाइन आणि सांध्यांचा दावा त्यांच्या शास्त्रीय समितीने नाकारला. गिंकोसारख्या वनस्पतींचे दावे मात्र अजून निर्णयाविना पडून आहेत, म्हणजे तिथेही काम अर्धेच आहे. भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ साली आलेल्या मार्गदर्शक सूचनांतला एक नियम अमेरिकेने घेण्यासारखा आहे: मूळ दावा फसवा असेल तर खाली छापलेल्या खुलाशाने तो सुधारत नाही. अमेरिकी बाटलीच्या पाठीवरची चौकट नेमके हेच करू पाहते.

अमेरिकेने युरोपचा सगळा क्रम उचलावा असे मी म्हणत नाही. तिथल्या संसदेत ते होईल असे दिसतही नाही. पण विक्रीनंतर ३० दिवसांत एफडीएकडे जाणाऱ्या सूचनेसोबत पुराव्याची संपूर्ण फाइल जोडावी आणि ती त्याच दिवशी लोकांसाठी खुली व्हावी, एवढा बदल १९९४ च्या कायद्याची चौकट न मोडता करता येईल. व्यापारी गुपित फुटेल अशी तक्रार होईल, पण गुपित असते ते बनवण्याच्या पद्धतीत. माणसांवर केलेली चाचणी गुपित ठेवण्यात विक्रेत्याचा कोणताही न्याय्य हक्क नाही. लहान उत्पादकाला खर्च झेपणार नाही असेही म्हटले जाईल. प्रसिद्ध संशोधनावर विसंबणाऱ्याला फक्त त्याचा उल्लेख करायचा आहे. आणि ज्याच्याजवळ कसलीच चाचणी नाही, त्याने सांधे, हृदय, स्मरणशक्ती हे शब्द वगळून वेष्टनावर घटकांची नावे आणि प्रमाण छापावे. तेवढे छापून गोळी विकायला आजचा कायदा त्याला अडवत नाही.